तीन हात चपडी

तरसाली, बडोदे
१४ नोव्हेंबर २०१०

चि. मुकुंद,

आशीर्वाद तुला आहेतच, ते निराळे लिहीत नाही.

माझं पत्र पाहून तू दचकशील. दिवाळीत फोन झालाच होता. तू म्हणालास, "नाना, बरं आहे ना?" मी म्हणालो, "बरं आहे." मग तू फोन मंदाकिनीकडे दिलास. सूनबाईंशी माझं दहा मिनिटं बोलणं होतं आणि तुझ्याशी दहा सेकंद, ही आता रीतच झाली आहे. त्या दहा सेकंदांत जे मावत नाही ते लिहायला बसलो आहे.

कारण असं, की निरूचं पत्र आलं. तुझ्या लेकीने मला लिहिलं हे तुला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. तुला वगळून तिला उत्तर धाडणं मला बरं दिसेना, म्हणून तुलाच लिहितो. तिला रागावू नकोस. चौदा वर्षांच्या पोरीने आजोबाला नाही विचारायचं तर कुणाला?

तिचा प्रश्न असा आहे. तिने टेबल टेनिसच्या बॅटसाठी नवं लाकूड घेतलं, त्याला ही मुलं ब्लेड म्हणतात. जुना वासाचा गोंद आता नियमाने बंद झाला आणि पाण्यातला आला. दोन महिन्यांनी रबर बदलायला काढलं, की त्याबरोबर लाकडाचे तंतू उपटून येतात म्हणे. तिचे सर म्हणतात, आधीच लाकडावर सीलर, म्हणजे वॉर्निशसारखा थर, मारून घे. तू म्हणतोस, लाकडाला काही लावायचं नाही. दोघांच्या मध्ये पोर अडकली आहे. जानेवारीत तिची महाराष्ट्राच्या संघासाठी निवड चाचणी आहे आणि आजोबांचा जन्म लाकडात गेला, म्हणून तिने मला साकडं घातलं.

पुढचं तिला वाचून दाखव. निरू, मी एकतीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पॅटर्न केले. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, तो ओल्या वाळूत दाबायचा, आणि त्या ठशात लोखंड ओतायचं. लाकूड उघडं राहिलं तर वाळू चिकटते, लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि माल वाकडा येतो. म्हणून आमच्याकडे चपडी, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे तीन हात, एकावर एक तीन थर, दिल्याशिवाय नमुना खात्याबाहेर जात नसे. बॅटचं मात्र वेगळं आहे. सीलर लावला तर लाकूड टिकतं, हे तुझ्या सरांचं खरं. पण चेंडू लाकडात क्षणभर बसतो आणि मग सुटतो. लाकडावर कवच चढलं की तो बसतच नाही आणि लांब जातो. एक पातळ हात दिला तर फरक कळेल न कळेल. जाड दिला तर बॅट दुसरीच होते. आणि लाकडाने एकदा प्यायलं की ते बाहेर काढता येत नाही.

मुकुंद, एवढं लिहून मी वाचून पाहिलं. लावावं की लावू नये, हे त्यात कुठेच नाही. वकिलाचं उत्तर झालं. थोडा वेळ दे, नीट कळवतो.

तिने आणखी एक लिहिलं आहे. ऑक्टोबरात ती दहा-सहाने पुढे असून हरली, तेव्हा तू तिला म्हणालास की आपल्याकडे ऐन वेळी हातच कापतो, माझाही कापला होता. खाली तिने विचारलंय, "आजोबा, हे खरं का? हे लाकडाच्या गाठीसारखं असतं का, आतूनच येणारं?"

हे तू तिला का सांगितलंस?

नाना

---

तरसाली
२३ नोव्हेंबर २०१०

चि. मुकुंद,

तुझं अंतर्देशीय पत्र मिळालं. सात ओळी आहेत. सहा वर्षांपूर्वी तुझी आई गेली तेव्हा तिच्या बारा दिवसांत तू माझ्याशी याहून कमी बोलला होतास, तेव्हा मी तक्रार करत नाही.

तू लिहितोस, पोरीला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं सांगितलं. पाचव्या गेमात हात कापला तरी आयुष्य थांबलं नाही, हे तिला कळावं म्हणून. तुझा हेतू चांगला होता, मी मान्य करतो. पण पुढे तू लिहिलं आहेस: "तुम्ही केलेली बॅट कोरी होती. तशी बॅट मला परत मिळाली नाही. दोष बॅटचा नव्हता हे तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. म्हणून निरूचंही लाकूड कोरं राहू दे."

ही चार वाक्यं मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

त्या बॅटची तू इतकी आठवण ठेवली असशील असं मला वाटलं नव्हतं. ब्याऐंशी साली केली होती. शिवणीच्या लाकडाचे पातळ पाच थर, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, आणि दोन दिवस शिकंज्यात घट्ट दाबून ठेवलेली. मूठ तुझ्या तळहाताचा ठसा घेऊन कोरली होती. तुझे जगदेवराव सर ती बघून हसले होते. रबर मान्यतेचं लागतं पण लाकूड कुणीही केलेलं चालतं, हे मी त्यांना नियमाच्या चोपडीतून दाखवलं, तरी हसतच होते. मग त्यांनी त्या बॅटने चार चेंडू मारले आणि हसणं थांबलं. मला फार बरं वाटलं होतं. कारखान्यात मी केलेले नमुने वाळूत जात, नाव लोखंडाचं होई. ही एकच वस्तू अशी होती की जी मी केली आणि लोकांनी पाहिली.

चौऱ्याऐंशीच्या निवडीच्या आदल्या दिवशी काय झालं ते तुला अर्धं माहीत आहे. जगदेवरावांनी कुणाकडून तरी नवी जपानी रबरं आणली होती. तुझा बारावीचा पेपर होता, म्हणून बॅट माझ्याकडे ठेवून तू गेलास आणि मी रबरं बसवून ठेवली. जुनं रबर काढताना थोडं लाकूड सुटलं होतं. ते मी नीट केलं. एवढंच.

निरूला सांग, आजोबा विचार करत आहेत. थंडी पडू लागली आहे, गुडघा बोलतो. बाकी ठीक.

नाना

---

तरसाली
५ डिसेंबर २०१०

मुकुंद,

मागच्या पत्रात "एवढंच" असं लिहिलं, ते खोटं होतं.

दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत ताकाला जाऊन भांडं लपवलं. आज लपवत नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

जुनं रबर मी ओढलं तेव्हा थोडं लाकूड सुटलं नाही, बरंच सुटलं. बरोबर मधोमध, जिथे चेंडू लागतो तिथे, रुपयाएवढी दोन ढलपी रबराबरोबर आली. तू असतास तर हळूहळू, कडेकडेने काढलं असतंस. मी घाई केली. उद्या निवड, आणि बॅट माझ्या हातून फुटली.

मग मी तेच केलं जे कारखान्यात रोज करत होतो. भुसा आणि सरस कालवून खड्डा भरला, पॉलिशपेपरने सपाट केला. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुरुस्त केलेलं लाकूड उघडं सोडायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. कारखान्यातून आणलेली चपडी घरात होती. मी तिचे तीन हात दिले, दोन्ही बाजूंना, नियमाप्रमाणे. वाळल्यावर बॅट आरशासारखी झाली. खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटला. त्यावर जपानी रबरं चिकटवली आणि तुझ्या पिशवीत ठेवून दिली. तुला विचारावं, निदान सांगावं, असं मनात आलं होतं. पण परीक्षेहून दमून आला आहेस, उगीच घोर कशाला, असं म्हणून गप्प बसलो. बॅट आणखी पक्की झाली अशीच माझी समजूत होती. मला तेव्हा बॅट वाळूत घालायची नाही एवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकोट्याच्या त्या हॉलमध्ये तुझे पहिले चार-पाच चेंडू टेबलाच्या पार पलीकडे गेले तेव्हाच मला कळलं. चेंडूचा आवाज वेगळा होता. एरवी दबका यायचा, आज टणटणीत येत होता. तू रबराकडे बघत होतास, नवं आहे म्हणून. मी जागेवरून उठून तुला सांगू शकलो असतो. सामना थांबवून दुसरी बॅट घेता आली असती, जगदेवरावांच्या पिशवीत दोन होत्या. मी बसून राहिलो. पहिला गेम गेला, मी बसून राहिलो. पुढचे दोन तू ओढून काढलेस, तेव्हा वाटलं, निभावलं. मग चौथा गेला आणि पाचवाही.

यापुढचं तुला माहीत आहे, पण त्यामागचं कारण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस. हॉलच्या दारात जगदेवराव म्हणाले की आज बॅटचं काहीतरी बिनसलं होतं, रबर मानवलं नाही की काय. तुझे चार मित्र तिथे होते. सगळ्यांच्या नजरा बॅटवर. उद्या हा माणूस रबर उचकटून बघेल आणि माझी चपडी सगळ्यांना दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "बॅटला काय धाड भरली आहे? पोराचा हातच कापला ऐन वेळी." तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. तुला पटलं. अठरा वर्षांच्या मुलाला बापाचं पटतं.

घरी आल्यावर तू बॅट माझ्या हातात दिलीस आणि पुन्हा कधी मागितली नाहीस. जूनमध्ये डिप्लोमाला नाशिकला मामाकडे गेलास, तो गेलासच. मी तुझ्यावर कधी हात उगारला नाही, तुझं कधी काही अडू दिलं नाही, मग मुलगा परका का झाला, असं मी लोकांना विचारत असे. मला कारण ठाऊक होतं.

तुझ्या आईलाही ठाऊक होतं. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत बॅट वाळताना पाहिली होती. नलिनीने मला आयुष्यात फार थोड्या गोष्टी बजावल्या, त्यांतली ही एक. दर दिवाळीला तू जायला निघालास की ती म्हणायची, "आता तरी सांगा त्याला." मी म्हणायचो, झालं गेलं, आता काय उपयोग. तिने स्वतः तुला सांगितलं नाही, कारण ते माझं काम आहे असं तिचं म्हणणं होतं. तिच्यावर राग धरू नकोस.

सव्वीस वर्षं चालवलं तसंच मी हे पुढेही चालवलं असतं. झाकली मूठ घेऊन वर गेलो असतो. पण तू मोठा झालास, बाप झालास, आणि माझं खोटं अगदी प्रेमाने आपल्या मुलीला दिलंस. ती आता स्वतःच्या हाताकडे बघत बसली आहे आणि मला विचारते आहे, की हे आतून येतं का. हे वाचून मला स्वतःची लाज वाटली, मुकुंदा. इतकी कधी वाटली नव्हती.

काल ट्रंकेतून ती बॅट काढली. रबर वाळून खडखडीत झालं होतं, नखाने निघालं. खाली माझी चपडी जशीच्या तशी, पिवळी, चकचकीत. मग खात्री करावी म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून थोडी चपडी आणि स्पिरिट आणलं. दुकानदार म्हणाला, "काका, आ उंमरे हवे शुं बनाववानुं?" या वयात आता काय बनवायचं बाकी आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. एकाच फळीचे तीन तुकडे केले. एक कोरा, एकाला एक हात, एकाला तीन. वाळल्यावर तिन्हींवर चेंडू टाकून ऐकला. तिसऱ्यावर तोच टणटणीत आवाज आला. तिन्ही तुकडे पार्सलने पाठवतो आहे. निरूला दे, ती स्वतःच ऐकेल.

आता तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. एक पातळ हात दिला तर लाकडाचं भलं होईल आणि खेळाचं फार बिघडणार नाही. पण तो निवडीच्या तोंडावर द्यायचा नाही, आणि ज्याची बॅट त्याला विचारल्याशिवाय कुणीच द्यायचा नाही. न देताही चालेल, रबर जपून काढलं तर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तू दे. हात कापणं आपल्या घरात नाही. जे होतं ते खोटं बोलणं होतं आणि ते मी केलं. हे पत्र हवं तर तिला जसंच्या तसं वाचू दे, मला चालेल.

तुझी माफी मागतो. तू ती द्यावीस असं माझं म्हणणं नाही.

नाना

---

तरसाली
२८ डिसेंबर २०१०

चि. मुकुंद,

तीन आठवडे तुझं काही आलं नाही. टपालवाला मला बघून लांबूनच मान हलवायला लागला होता. नाही आलं तरी ते मी समजून घेतलं असतं. समजून घेतलं असतं हेही तसं खोटंच, मला फार जड गेलं.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होतो. पिठाच्या हातानेच उचलला. तू 'बरं आहे ना' विचारलं नाहीस. एकदम म्हणालास, "किती हात दिले होतेत?" मी म्हणालो, तीन. वाळायला किती वेळ दिलात, भरलेली जागा केवढी होती, रबर कशाने चिकटवलंत, असं तू विचारत गेलास, कारखान्यात मोडका माल आला की इंजिनिअर विचारतात तसं. मीही कामगारासारखी उत्तरं दिली. मला वाटलं, आता तू चिडशील. चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

मागे निरू टेबलावर चेंडू आपटत होती, माझ्या तुकड्यांवरच बहुतेक. आणि तू म्हणालास, "नाना, पाचवा गेम एकवीस-एकोणीस झाला होता. त्या बॅटने मी एकोणीसपर्यंत गेलो होतो." थोड्या वेळाने म्हणालास, "म्हणजे मी बरा खेळत होतो का?"

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस तू. केस माझ्यापेक्षा तुझे जास्त गेले आहेत. आणि आवाज अगदी बारावीतल्या मुलाचा. मला उत्तर देता आलं नाही. तू वाट पाहिलीस, मग फोन निरूकडे दिलास. तिने सांगितलं, की निवड होईपर्यंत लाकडाला कुणी हात लावायचा नाही, त्यानंतर एक पातळ हात, आणि तो ती स्वतः देणार, आजोबा नाहीत आणि बाबाही नाहीत. मला विचारत नव्हती, सांगत होती. मी बरं म्हटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, ते आता देतो. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि एक चेंडू चुकवला नव्हता. पहिल्या गेमात तुझा प्रत्येक मार लांब जात होता. दुसऱ्यात तू हात आखडता घेतलास, बॅट थोडी खाली झुकवून धरलीस, आणि ज्या फळीला तू ओळखत नव्हतास तिच्यावर अर्ध्या तासात हात बसवलास. पाचव्यात चौदा-एकोणीसने मागे होतास. तिथून ओळीने पाच गुण घेतलेस. शेवटचे दोन मार टेबलाला बोटभर लांब पडले, ते चपडीने पाडले. हात कापलेला माणूस असा खेळत नाही. इतका चांगला खेळ मी त्या हॉलमध्ये नंतर कुणाचा पाहिला नाही, आणि त्यानंतर बरीच वर्षं मी तिथे जाऊन बसत असे, हेही तुला ठाऊक नाही.

हे नुसतं तुला लिहून भागणार नाही असं वाटलं. जे मी दारात चारचौघांत बोललो, ते पत्रात गुपचूप कसं मागे घ्यायचं? म्हणून काल बसने हरणीला गेलो, जगदेवरावांकडे. सोसायटीत तळमजल्यावर राहतात, मुलाजवळ. वय आता चौऱ्याऐंशी आहे. मला ओळखायला वेळ लागला, तुझं नाव घेतल्यावर मात्र लगेच म्हणाले, हां, तो डावरा, हात कापला होता त्याचा. म्हणजे तेही तेच धरून बसले होते, माझ्यामुळे.

त्यांना आता नीट ऐकू येत नाही. मी हळू आवाजात सुरुवात केली तर कानामागे हात धरून म्हणाले, मोठ्याने बोला. सून चहा घेऊन दारातच थांबली, मुलगा पेपर खाली ठेवून बघत राहिला, जिन्यावरून जाणारे कुणी दोघे थबकले. मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, की मुकुंदचा हात कापला नव्हता, बॅट मी बिघडवली होती आणि खोटं बोललो होतो, मुकुंद फार चांगला खेळला होता. ते म्हणाले, काय? मग मी सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

नाना